दादूसचं पूर्ण नाव

हिराजी पोशा तांडेल. आधी नाव लिहून टाकतो, कारण एकदा ते लिहायचं राहिलं आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट, तो ह्या माणसामुळे.

भुतंखेतं, अंगात येणं ह्यावर माझा विश्वास कधीच नव्हता. आजही नाही... म्हणूनच जास्त चिडचिड होते.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात आम्ही एका खोलीत सातजण राहायचो. शेजारची खोली दादूसची. सगळी आळी त्यांना दादूसच म्हणायची. बी.कॉम.ची तीन वर्षं मी त्यांच्या खोलीत अभ्यास केला. ते हळदीच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवायचे. माझा अभ्यास मोडू नये म्हणून सराव करताना हेडफोन लावायचे. मला ऐकू यायची ती फक्त पट्ट्यांची टकटक.

पुढे डोंबिवली पूर्वेला एका छोट्या कॅसेट कंपनीत मी टायपिस्ट म्हणून लागलो. नव्वदीचा मध्य असेल. मालकांना सगळा सिंथेसायझरवरचा मराठी पॉप अल्बम काढायचा होता – ‘निळी बत्ती’. मी दादूसना घेऊन गेलो. आठही गाण्यांतला कीबोर्ड त्यांचा.

वाजवण्याआधी दरवेळी ते डोळे मिटून “आई एकवीरे” म्हणायचे आणि क्षणभर गप्प बसायचे. रेकॉर्डिस्ट प्रकाश वैतागायचा. “दादूस, घरूनच नमस्कार करून या ना! दरवेळी टेप कापायला लागते.”

“अरे, तिला विचारल्याबिगर जालं नाय टाकत आम्ही. पट्टीला हात कसा लावू?”

ते कापलेले तुकडे मी स्वतः कचऱ्यात टाकलेत.

कॅसेटच्या आतलं नावांचं कार्ड टाईप करायचं काम माझ्याकडे होतं. ‘कीबोर्ड’पुढे काय लिहू? ‘दादूस’ छापणं मला अडाणीपणाचं वाटलं. शिकलो होतो ना! आडनाव माहीत होतं, पण अर्धी आळी तांडेलच. पूर्ण नाव विचारायला गेलो तर खोलीला कुलूप, ते एकवीरेच्या जत्रेला कार्ल्याला गेलेले. प्रूफ आलं की भरू, म्हणून ओळ कोरी ठेवली. प्रेसवाल्याने प्रूफ न दाखवता कोरी ओळ काढूनच टाकली. कार्डं छापून आली!

आणि अल्बम चालला. रविवारच्या पेपरात कॅसेटविक्रीची यादी यायची, तिच्यात ‘निळी बत्ती’ चढत चढत पहिल्या नंबरावर गेली. खोपटच्या एसटी डेपोबाहेरच्या टपऱ्यांवर तीच गाणी. दुसऱ्या स्टुडिओंचे फोन यायचे, “कीबोर्ड कोणी वाजवलाय हो?” मालक सांगायचे, “आमच्या संगीतकारानंच.” मी म्हटलं, “सर, पुढच्या छपाईत तरी नाव...”

“एक नंबरवर चाललेल्या मालाचं कार्ड बदलतात का रे? आणि त्यानंच वाजवलं ह्याला पुरावा काय?”

तोवर मी टिटवाळ्याला राहायला गेलो होतो. एका रविवारी, भर दुपारी, दुकानातून घेतलेली कॅसेट लावली. मागच्या कडेच्या प्लास्टिकच्या टिकल्या मोडलेल्या, म्हणजे त्यावर नव्याने काही रेकॉर्ड होणं शक्यच नाही. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं सुरू होण्याआधी दादूसचा आवाज आला – “आई एकवीरे...” आणि मग, हळू, “हिराजी पोशा तांडेल हात लावतोय.”

तीनदा लावली. तीनदा ऐकलं. भीती वाटली नाही, खरंच आनंद झाला. पुरावा मिळाला!

सोमवारी मालकांसमोर लावली तर काहीच नाही. सरळ गाणं सुरू. घरी आणली – आवाज आहे! दुसऱ्या दिवशी घरचा टेपरेकॉर्डरसुद्धा उचलून नेला. काही नाही. मालक हसले, “काय रे, टिटवाळ्याला बोलते आणि डोंबिवलीत मौनव्रत?”

प्रकाश मात्र हसला नाही. म्हणाला, “टेपच्या एका वेढ्याचा आवाज कधीकधी दुसऱ्यावर उतरतो. पण कापून टाकलेला तुकडा कुठून उतरणार?”

शेवटी कोळीवाड्यात गेलो. दादूस दारात जाळं विणत बसले होते.

“तुमचं कागदावरचं नाव काय?”

“हिराजी. का रं?”

“वडलांचं?”

“पोशा.”

मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला. “आई एकवीरे तोंडानं बोलायचो, खरंय. पण नाव मनातच घ्यायचो, बाला. तिला ऐकू येतं. तुला कसं ऐकू गेलं?”

दुसरी छपाईही नावाशिवायच निघाली. स्टुडिओतून त्यांना परत कोणी बोलावलं नाही. मी नोकरी सोडली, त्यानं काय फरक पडणार होता?

कॅसेट आजही मी एकटा असलो की बोलते. मनाचे खेळ असतात, असं कृपा करून कुणी कळवू नका. जे नाव मला माहीतच नव्हतं, ते माझ्या मनात आलं कुठून? गेल्या महिन्यात मी हे पत्र तेवढं पाठवलं –

‘श्री. हिराजी पोशा तांडेल यांस,
सा. न. वि. वि.
दादूस, कार्ड पुन्हा टाईप केलंय, सोबत आहे. तुमचं नाव सगळ्यात वर, आणि कंसात ‘दादूस’. एकच प्रत आहे, तिला कोणी विचारणार नाही, हे मला कळतं. चूक माझीच होती.
एक मागणं आहे. तीन वर्षं तुमच्या खोलीत बसलो, पण तुम्ही काय वाजवत होतात ते मी कधी ऐकलंच नाही. रविवारी येतो. आता माझी परीक्षा नाही. हेडफोन काढून वाजवा.’