पाच ओळींचे बाबा

बडनेऱ्याच्या फलाटावर आई रडत होती आणि बाबा मला लिमरिक ऐकवत होते, म्हणजे कुठल्याशा गावच्या विक्षिप्त माणसाची पाच ओळींत थट्टा करणारी इंग्रजी धाटणीची कविता. लखनौच्या विद्यापीठात रशियन शिकवायची नोकरी लागली म्हणून मी निघाले होते. अमरावतीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेले बाबा निरोपही तसाच देणार, हे ठाऊकच होतं.

परतवाड्याच्या एका मास्तरांनी
चष्मा हुडकला चार वर्षांनी;
नाकावरच होता,
म्हणाले, ‘अहो, आता
काय पाहू मी या डोळ्यांनी?’

डब्यातली अनोळखी माणसंसुद्धा हसली. "हसत जावं गं, रडायला तिकडे वेळ मिळेल," बाबा म्हणाले.

आई गेल्यावर मी बाबांना लखनौला, गोमती नगरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. तेव्हा मी लिमरिक आणि चास्तुश्का यांची तुलना करणारा प्रबंध लिहीत होते. चास्तुश्का म्हणजे रशियन खेड्यातल्या बाया लग्नात, जत्रेत ठेक्यावर म्हणतात ती चार ओळींची थट्टा. त्या ढंगातली एक मी मराठीत करून बाबांना ऐकवली:

नवरा गेला, पत्र नाही,
गेला कुठे, पत्ता नाही;
कोंबडी माझी बरी बाई,
अंडं दिलं की सांगून जाई!

बाबा पोट धरून हसले. मग म्हणाले, "इंग्रज लांबच्या गावच्या वेड्याला हसतो. तुझ्या या बाया स्वतःच्याच दुःखाला हसतात. आपण काय करतो गं?"

मी ते वाक्य वहीत टिपून घेतलं आणि लॅपटॉपकडे वळले.

सुरुवातीला त्यांनी खूप प्रयत्न केले. निशातगंजच्या बाजारात सब्जीवाल्या भैयाला वऱ्हाडी कोटी हिंदीत करून सांगत. तो अदबीनं म्हणे, "जी बाबूजी, और क्या दूँ?" माझी लेक इरा मराठी समजते, पण उत्तर हिंदीतच देते. तिला त्यांनी एक लिमरिक ऐकवलं. तिनं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "आजोबा, इसमें हँसना कहाँ है?" त्यांनी समजावून सांगितलं. समजावल्यावर ती हसली, त्यांना बरं वाटावं म्हणून. ते त्यांच्या लक्षात आलं.

त्यानंतर ते गप्प होत गेले. "बाबा, काही सांगा ना," म्हटलं की म्हणत, "तुझं काम होऊ दे आधी." माझं काम माणसं का हसतात हे लिहिण्याचं होतं. शेजारच्या खोलीत एक माणूस हसायचा थांबला होता, आणि मी दार लोटून तळटीपा तपासत होते.

प्रबंध पूर्ण झाला. बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. सोसायटीतले लोक भेटायला आले. वरच्या मजल्यावरचे श्रीवास्तवजी हात जोडून म्हणाले, "बड़े शांत आदमी थे. कभी कुछ बोले ही नहीं." मी "हाँ जी" म्हटलं. शांत? बाबा? पण श्रीवास्तवजींचा काय दोष? त्यांना भेटले ते तेवढेच बाबा.

तुम्ही जे तिकडेच, आपल्या गावी राहिलात, त्यांना हे कळेलच असं नाही. जे माझ्यासारखे निघालात, त्यांनी आईवडिलांना आणताना औषधं, चष्मे, शाली सगळं आणलं असेल. त्यांच्या विनोदाला हसणारी माणसं कुणालाच आणता येत नाहीत.

उन्हाळ्यात अमरावतीला गेले. बाबांच्या शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी आठवणींसाठी बैठक ठेवली होती. देशपांडे सरांनी बाबांची एक कोटी सांगितली आणि सगळी खोली खदखदून हसली. मीही हसले, पण सगळ्यांचं हसून होत आलं तेव्हा. मला ती मनातल्या मनात हिंदीतून फिरवून घ्यावी लागली होती.

देशपांडे सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मायेनं, सावकाश, ती कोटी मला समजावून सांगितली. घर म्हणजे जिथे हे समजावून सांगावं लागत नाही. तसं घर आता मला लखनौत नाही, आणि अमरावतीतही उरलेलं नाही.