चाकांच्या धनुष्याचा टेकू

चंपतराव लांजेवार मूळचे भिवापूरकडचे. घरची मिरचीची शेती दोघे थोरले भाऊ पाहत. चंपतराव एकोणिसाव्या वर्षी नागपूरला आले आणि एका सूतगिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले. सक्करदऱ्याला दोन खोल्यांचं घर, मागे छोटं अंगण, बायको सुभद्रा. मुलंबाळं नव्हती. होतं ते धनुष्य.

गावाशेजारच्या गोंडवस्तीवर लहानपणी ते तीर चालवायला शिकले होते. बांबू कधी तोडायचा, किती महिने सावलीत वाळवायचा, कुठे तासायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. रविवारी सकाळी सक्करदऱ्याच्या तलावामागच्या मोकळ्या जागेत तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, गठ्ठे रचून आम्ही आठ-दहा जण नेमबाजी करायचो. मी श्रीधर, शाळेत मास्तर; त्यात सगळ्यात ढ मीच. चंपतराव आम्हा सगळ्यांचे उस्ताद. दसऱ्याला आमची आपसांत स्पर्धा व्हायची आणि पंधरा वर्षांत त्यांच्यावर कोणी मात केली नव्हती. ते स्वतः हे कधी बोलून दाखवत नसत. दुसऱ्या कोणी बोललं तर मात्र थांबून पूर्ण ऐकत.

चौऱ्याऐंशी साली तान्ह्या पोळ्याच्या दिवशी केशव पांढरीपांडे लांबलचक काळी पेटी घेऊन मैदानावर आला. केशव नागपूरच्या महाल भागातला, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, अंगाने काडी. चार वर्षं आमच्यात येत होता. चंपतरावांचं धनुष्य त्याला पूर्ण ओढताही येत नसे. त्याची बायको चारुशीला, तिचा भाऊ अमेरिकेत. तो तिकडे जंगलात हरणं मारायला जे धनुष्य वापरायचा, ते त्याने नवं घेतल्यावर केशवला आणून दिलं होतं.

पेटी उघडली आणि आम्ही सगळे वाकलो. धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं, चाकांवरून गेलेल्या तारा, मधे धातूची मूठ. केशवने दोरी ओढली. आधी जड गेली, आणि अर्ध्याच्या पुढे चाकं फिरली तशी एकदम हलकी झाली. तो काडीपैलवान दोरी गालाशी धरून आरामात उभा राहिला.

"अरे बापरे," आमच्यातला नत्थू म्हणाला, "ह्याच्यात तर ताकदच लागत नाही!"

मी चंपतरावांकडे पाहिलं. ते स्वतःचा उजवा खांदा दाबत उभे होते. त्या खांद्यावर पंधरा वर्षांची मेहनत होती. मला पुढे त्यांनीच सांगितलं की त्या क्षणी त्यांच्या छातीत निखारा पडल्यासारखं झालं. "माह्या आंगातलं काढून कोनी थ्या चाकात भरलं, असं वाटलं गा मास्तर."

पण केशवने बाण सोडला तो गठ्ठ्याच्या बाहेर गेला. दुसरा वेडावाकडा रुतला. तिसरा तर सगळ्यांना दिसला. पाण्यातल्या विरोळा सापासारखा शेपूट हलवत गेला. दहा बाण झाले, एकही नेमावर नाही. लोक हसू लागले. केशवचे कान लाल झाले.

"चंपतराव, तुम्ही फिटर आहात," तो म्हणाला. "जरा पाहता का काय बिघडलंय ते? घरी न्या, सावकाश पाहा."

"पायतो," चंपतराव म्हणाले. पेटी उचलताना त्यांना बरं वाटत होतं, आणि ते केशवची अडचण दूर होणार म्हणून नव्हतं.

घरी त्यांनी धनुष्य खाटेवर ठेवलं आणि बराच वेळ नुसतं पाहिलं. मग ते कामाला लागले. बांबूच्या धनुष्यात बाण मुठीवरच टेकतो. इथे त्यासाठी लोखंडी दांडीचा छोटा टेकू होता, एका स्क्रूने बसवलेला. वर-खाली, आत-बाहेर सरकणारा. गिरणीत एखादा भाग आवाज करत असला की चंपतराव एकेक गोष्ट बाजूला काढत जायचे. इथेही तसंच केलं. अंगणात तणसाचा गठ्ठा लावला, त्याच्या पुढे एका जुन्या तसबिरीच्या चौकटीवर वर्तमानपत्र ताणलं आणि दोन पावलांवरून बाण सोडला. कागदात टोकाचं गोल भोक होतं, आणि त्याच्या वर दोन बोटं कागद फाटला होता. म्हणजे बाणाचं टोक सरळ जात होतं आणि शेपूट वर उडत होतं.

काहून उडते? त्यांनी सुभद्रेच्या डब्यातली पावडर घेतली, बाणाच्या पिसांना चोळली, पुन्हा बाण सोडला. एका पिसाची कड पुसली गेली होती, आणि टेकूच्या दांडीवर पांढरी रेघ उमटली होती. टेकू खाली बसला होता. जाताजाता पीस त्यावर आपटत होतं.

त्यांनी टेकू केसभर वर घेतला. कागदाची फाट दोन बोटांवरून एका बोटावर आली. अजून थोडा वर. मग कागदात नुसतं एक भोक आणि त्याभोवती पिसांच्या तीन बारीक चिरा. चंपतराव खूश झाले. पण पाच-सहा बाणांनंतर कागद पुन्हा फाटू लागला. टेकू आपोआप खाली आला होता. स्क्रू काढून पाहिला, तर त्याच्याखाली दातेरी वायसर असायला हवा होता तो नव्हता. प्रवासात कुठेतरी पडला असावा. दर धक्क्याला टेकू सैल होत होता.

दुसऱ्या दिवशी गिरणीतून सुटल्यावर ते सायकलने इतवारीच्या बाजारात गेले आणि मापाचा वायसर घेऊन आले. तिसऱ्या दिवशी पहाटे, कोणी यायच्या आत, धनुष्य घेऊन तलावामागे गेले. चाळीस पावलांवरून सहा बाण सोडले. सहाही एका पंजाच्या आत रुतले. त्यांनी इतकी सुरेख नेमबाजी स्वतःच्या धनुष्याने कधी केली नव्हती, आणि हे त्यांना जागच्या जागी कळलं.

"थेच माह्या जिवाले लागलं," ते मला म्हणाले. "वाईट असतं तं मी दुरुस्त करून हसत देलं असतं."

घरी येऊन त्यांनी स्क्रू सैल केला, वायसर काढून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि टेकू होता तिथे खाली आणून ठेवला.

रविवारी केशव वाट पाहत उभा होता. चंपतरावांनी पेटी त्याच्या हातात दिली. "यंत्रात काही खोट नाई केशवराव. सगळं पाह्यलं. तुमच्या हाताचा सवाल असन."

आम्ही ते ऐकलं आणि कोणालाही शंका आली नाही. उस्तादांचा शब्द होता.

केशवने तो खरा मानला. घराच्या गच्चीवर पोत्यात चिंध्या भरून तो रोज पहाटे सराव करू लागला. बोटांची सालं निघाली, त्याला पट्ट्या बांधल्या. रविवारी मैदानावर यायचा, बाण विरोळ्यासारखे जायचे, कोणीतरी हसायचं. त्याची उभं राहण्याची ढब बिघडली, हात थरथरू लागला. चंपतराव त्याला "कोपर वर घ्या, श्वास धरा" असं सांगत, आणि स्वतःचे बाण सरळ नेमावर मारत. ते दिवस त्यांना सुखाचे गेले. खोटं कशाला बोलू, असं त्यांनी स्वतःच मला सांगितलं.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, केशव त्यांच्या घरी आला. पेटी सोबत होती.

"हे तुम्ही ठेवून घ्या," तो म्हणाला. "माझ्या हातात ही गोष्टच नाही. उगाच हौस केली. डिसेंबरात मेहुणा येईल, त्याला सांगीन की चांगल्या माणसाला दिलं."

"असं नका करू केशवराव."

"नाही, ठेवाच. तुमच्या हाताला शोभेल."

चंपतरावांनी ठेवून घेतलं. केशव गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत ते दारात उभे होते, आणि त्यांना इतका आनंद झाला होता की हसू आवरत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी वायसर शोधला. सदऱ्याच्या खिशात नव्हता.

"हे धुंडून राहिले का?" सुभद्रेने विचारलं. तिने तो धुण्यात सापडल्यावर दिव्याजवळच्या फळीवर ठेवला होता. "कायचं हाय हे?"

"थ्या धनुष्याचं."

"मंग थे दुरुस्त होते?"

"होते."

"तं त्याईले काहून नाई सांगितलं? थे पाह्य, बोटाले पट्ट्या बांधून फिरून राह्यले."

चंपतरावांनी धनुष्य जवळ ओढलं. त्यांनी वायसर बसवला, टेकू वर घेतला, कागदावर तपासलं. सगळं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर न्यायला पेटी उचलली आणि दारातच थांबले. नेलं कसं असतं? तिकडे कोणी पाहिलं की लांजेवारांच्या हातात तेच धनुष्य सरळ चालतं, तर पहिला प्रश्न हाच येणार होता की काय बदललं. आता जगातलं सगळ्यात चांगलं धनुष्य त्यांच्या घरात होतं आणि ते अंगणाबाहेर नेता येत नव्हतं. चार दिवस ते अंगणात दोन पावलांवरून वर्तमानपत्राला भोकं पाडत राहिले. सुभद्रा त्यांना जेवायला वाढायची, बोलायची नाही.

पाचव्या दिवशी ते कामावरून आले, पेटी सायकलला बांधली आणि थेट महालात गेले. केशव नुकताच कचेरीतून आला होता. चारुशीलाबाईंनी चहा आणला. चंपतरावांनी कपाला हात लावला नाही.

"केशवराव, मी खोटं बोललो. खोट यंत्रातच होती. मले दुसऱ्याच दिवशी सापडली होती. मी दुरुस्त केलं, चालवून पाह्यलं, अन् पुन्हा बिघडवून तुमाले देलं."

केशवने त्यांच्याकडे पाहिलं. "का?"

"जळलो."

चारुशीलाबाई आत गेल्या. केशव आपल्या बोटांवरच्या पट्ट्या पाहत होता.

"मी समजत होतो माझा हातच नालायक आहे," तो शेवटी म्हणाला. "ऑफिसात सही करताना हात थरथरायला लागला होता माझा. हिला वाटलं मला काही दुखणं जडलं."

"माफ करा म्हनाचं तोंड नाई माहं."

"मग म्हणू नका." केशव उठला, पेटी उघडली. "बसा इथे. मला सगळं दाखवा. म्हणजे पुन्हा तुमच्याकडे यायची वेळ येणार नाही."

मग त्या बैठकीत तासभर दोघं बसले. चंपतरावांनी स्क्रू सैल करून सगळं मुद्दाम बिघडवलं, आणि केशवला स्वतःच्या हाताने लावायला सांगितलं. कागद कसा ताणायचा. फाटलेलं वर गेलं तर टेकू वर घ्यायचा. एका वेळी केसभरच सरकवायचा, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलायची. पावडर कुठे पुसते ते आधी पाहायचं. स्क्रू आवळल्यावर पेन्सिलीने खूण करायची, म्हणजे सरकलं तर कळतं. केशव कारकुनी अक्षरात सगळं वहीत लिहून घेत होता. एकदाही त्याने मान वर करून पाहिलं नाही. चंपतराव निघाले तेव्हा म्हणाला, "या लांजेवार." चार वर्षं तो त्यांना चंपतराव म्हणत आला होता. त्या दिवसानंतर कधीही म्हणाला नाही.

दसऱ्याला स्पर्धा झाली. केशवचा हात अजून पूर्ण सावरला नव्हता, तरी पहिल्या सहा बाणांतले पाच मधल्या वर्तुळात गेले. लोक गप्प झाले, मग ओरडले. चंपतरावांनी त्या दिवशी जीव तोडून बाण मारले. दोन बाणांनी हरले.

आमच्यातल्या गोविंदाने केशवला विचारलं, "अरे, हे धनुष्य चांगलं झालं कसं?"

चंपतराव तिथेच उभे होते. आता हा सांगणार, असं त्यांना वाटलं, आणि सांगावं असंही वाटलं.

"लांजेवारांनी बसवून दिलं," केशव म्हणाला. "एक वायसर नव्हता."

एवढंच. सगळ्यांनी चंपतरावांच्या पाठीवर थापा मारल्या. ते घरी गेले आणि सुभद्रेने वाढलेलं ताट तसंच राहिलं. हरल्याची आग होतीच. त्यात केशवने झाकून घेतलं त्याची वेगळी. केशवने चारचौघांत शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं ते म्हणायचे.

हे सगळं त्यांनी मला दोन वर्षांनी सांगितलं. त्याला कारण घडलं. शहाऐंशी साली गोपिका नावाची कॉलेजातली पोरगी आमच्यात आली. तिच्या मामाने मुंबईहून तसंच चाकांचं धनुष्य आणून दिलेलं. तिचे बाण डावीकडे फेकले जात होते. चंपतरावांनी पाहिलं आणि भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, मैदानातच मांडी घातली. पावडर मागवली, दोन काठ्यांवर कागद ताणला, घाम पुसायलाही न थांबता टेकू सरकवत राहिले. तासाभरात बाण सरळ झाले. तिचा शेवटचा बाण अगदी मधोमध रुतला, तेव्हा मी त्यांचा चेहरा पाहिला. तो आनंदाचा नव्हता.

"एवढी घाई काय होती?" मी परतताना विचारलं. "घरी नेऊन सावकाश केलं असतं."

"घरी नाई न्याचं गा मास्तर," ते म्हणाले. आणि मग तलावाच्या काठाने सायकली ढकलत चालताना त्यांनी मला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

मी विचारलं, "म्हणजे अजूनही तसंच जळल्यासारखं वाटतं?"

"वाटते तं. आत्ता थ्या पोरीचा बान लागला तवाबी वाटलं." त्यांनी सायकल पुढे ढकलली. "म्हनून तं तिथंच बसलो."