लेण्यातल्या चुन्याची कैफियत

मौजे कड्याखालची ठाकरवाडी, कशेळ्याच्या पुढे. तालुका कर्जत, जिल्हा तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड. दिनांक : पाऊस उघडल्यानंतरचा आणि नाचणी कापण्याआधीचा मंगळवार, वीसएक वर्षे झाली. साक्षीदार : एक लेणे, एक पायवाट आणि मी. अर्जदारांची नावे मुद्दाम लिहीत नाही. पूर्वी एकदा लिहिली होती. त्याचे काय झाले तेच येथे सादर करतो.

आज सकाळपासून तालुका कचेरीच्या भिंतींना चुना देत आहेत. पिंपात चुन्याची कळी विरताना उठणारा तो वाफाळ, ओलसर, जिभेला झोंबणारा वास वडाखाली माझ्या पेटीपर्यंत आला आणि हातातला टाक थांबला. या वडाखाली मी उभी हयात अर्ज लिहिले. शिक्षण सातवीच्या अलीकडेच संपले, हे खरे. परंतु माझ्या मसुद्यातली ओळ खोडण्याची पाळी कोणा साहेबावर आलेली नाही. हे गर्वाने नव्हे, नोंद म्हणून लिहितो.

कड्याखालचे रान राखीव झाले आणि लेण्याच्या वाटेवर मनाईची पाटी लागणार अशी बातमी उठली, तेव्हा वाडीतली एक म्हातारी ठाकरीण माझ्यासमोर येऊन बसली. वर्षातून एकदा, नाचणी कापण्याआधीच्या मंगळवारी, घरटी एक माणूस कोयता घेऊन ती वाट मोकळी करतो, लेण्यातल्या दगडी स्तूपाला चुना देतो आणि त्याच्यापुढे नाचणीची भाकर ठेवतो. स्तूपाला ते बाबा म्हणतात. ही वहिवाट चालू राहावी, एवढेच तिचे मागणे होते. स्थळ पाहिल्यावाचून अर्ज लिहायचा नाही, हा माझा शिरस्ता. म्हणून त्या मंगळवारी मीही त्यांच्याबरोबर निघालो.

ओढा ओलांडला की पुरुषभर उंचीची कारवी दोन्ही बाजूंनी अंगावर येत होती. तेरड्याचा गुलाबी रंग उतारावर सांडला होता आणि वर, ऐनाच्या शेंड्यांपलीकडे, काळा कडा ऊन पीत उभा होता. माझ्या वहाणेचा अंगठा पहिल्याच चढाला तुटला.

“लिवणारं भाऊ, उचला की पाय! का पायाला बी शाईत बुडवून घ्यावं लागतंय?” म्हातारी वरून ओरडली. बाकीचे हसले.

“वाट कुठे आहे, बाई? मला नुसते रान दिसते.”

“दिसंल कशी? अजून तोडली नाय. तुमच्याम्होरं तर तोडताव.”

आणि खरोखर, कोयत्यांच्या पुढे पुढे वाट जन्माला येत होती. मागे वळून पाहावे, तर ती जणू कायमचीच तेथे होती.

लेण्यात शिरताच घामावरून गार हात फिरला. छताला दगडातच कोरलेल्या फासळ्या, झिजलेले खांब आणि अगदी आत, अंधारात पाठ टेकून बसल्यासारखा तो स्तूप. पावसाळाभर वरून पाणी झिरपून मागल्या वर्षीचा चुना उतरून गेला होता. शिंदीच्या ठेचलेल्या कुंच्याने म्हातारी नवा हात देऊ लागली. न्हाणीत लेकराचे अंग चोळावे तशी.

“कोणी कोरला हा?” मी विचारले.

“मला काय म्हाईत? तवा आमी नवतो. पर तवापास्नं उघडा बसलाय. अंगावर कायतरी नको काय, भाऊ?”

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, अंग धुऊन मी अर्ज लिहिला. वहिवाट जुनी आहे हे ठसावे म्हणून कोणत्या घराने चुना नेला, कोणी कुंचा धरला, कोणत्या पिढीपासून, सारे नावानिशी, वळणदार अक्षरात मांडले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर अर्ज होता. उत्तर लवकर आले. प्राचीन वास्तू विद्रूप केल्याची अर्जदारांनी स्वतःच कबुली दिली आहे, असे त्यात म्हटले होते. नावे माझ्याच यादीतून घेतली होती. एकेकाला कचेरीत बोलावून, पुन्हा वर जाणार नाही, यावर अंगठे घेतले.

अंगठ्याची शाई लुगड्याला पुशीत म्हातारी वडाखाली आली. मला मान वर करवेना. ती म्हणाली, “तुमी कशापायी खाली बघताव? त्यात खोटं काय लिवलं व्हतं?”

पुढची तीन वर्षे त्या मंगळवारी ती आपल्या अंगणातच कड्याकडे तोंड करून बसली. चौथ्या वर्षी ती नव्हती.

मनाईची पाटी लागली, ती आजही उभी आहे. तिच्या बगलेतून सहलीला येणारे वर जातात आणि चाकूने स्तूपावर आपली नावे कोरतात. म्हातारीचा चुना एका पावसात निघून जाई. ही नावे किती पावसाळे टिकतील याचा हिशेब कोणत्या कचेरीने करावा? मी दरवर्षी वर जातो, म्हातारीच्या घराच्या वाट्याची कारवी तोडतो आणि स्तूपाला चुना न देताच परततो. जिने अंगठा दिला तिने शब्द पाळला. माझा अंगठा कोणी घेतलेला नाही.

सबब कळविण्यात येते की, रंगाऱ्याकडून मागून घेतलेला डबाभर चुना माझ्या पेटीत आहे. येत्या मंगळवारी सकाळी मी सदर वाटेने वर जाणार आहे. संबंधितांनी समक्ष हजर राहून, विद्रूप कोणी केले, ते पाहावे आणि लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. कबुली हवी असल्यास हाच कागद पुरेसा समजावा. या खेपेस अक्षरही माझे आहे आणि हातही माझाच असेल.