डाव्या बाहीचा मान

हंगामाच्या पहिल्या सामन्याला थोरली जाऊ मैदानात उतरायची आणि इकडे धाकटीच्या पोटात दुखायला लागायचं. चौतीस वर्षं हे दुखणं बरं झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनं त्यावर औषधही शोधलं नव्हतं.

दोघींचं शिवणकामाचं दुकान होतं, सासऱ्यांनी काढलेलं. कापड बेतायचं लांब टेबल, तीन मशीनं, भिंतीला टांगलेले पुठ्ठ्याचे साचे आणि मागे इस्त्रीची खोली. फुटबॉल क्लबच्या जर्सी तिथेच शिवल्या जात. अंग हिरवं, उजवी बाही हिरवी, डावी मात्र पिवळीधमक. असं का, हे नवा माणूस विचारायचाच. मग शेजारचा कोणीही छाती फुगवून सांगायचा, डावा हात काळजाच्या बाजूचा, तो उजळ हवा. पाठीराखे डाव्या मनगटाला पिवळी चिंधी बांधून येत. क्लबच्या दाराची डावी फळीसुद्धा पिवळी रंगवलेली होती.

आणि पहिल्या जर्सीची डावी बाही थोरलीनं हातशिलाईनं जोडायची, ती जर्सी मैदानात नेऊन तिनंच कप्तानाला घालायची, अशी रीत पडली होती. कारण पिवळ्या बाहीची कल्पना तिची, असं सगळे मानत. टाळ्या पडत. थोरली मान खाली घालून परत येई. ते मान खाली घालणं तर धाकटीला सगळ्यात जास्त झोंबायचं. मिरवायचं तर नीट मिरवावं, वर हा साधेपणा कशाला? बाकीच्या बावीस जर्सी धाकटीनं शिवलेल्या असत. त्यांना कोणी टाळी वाजवल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

आता मूळ गोष्ट. धाकटी लग्न होऊन आली त्याच वर्षी क्लब निघाला. अकरा जर्सी हव्या होत्या, सगळ्या हिरव्या. बाह्या कापायचं काम नव्या सुनेकडे आलं. बाही कापताना कापड तोंडाला तोंड, सुलटीवर सुलट बाजू लावून घालायचं असतं, म्हणजे कात्रीच्या एका वारात एक डावी आणि एक उजवी निघते. धाकटीनं सगळे थर एकाच बाजूनं घातले आणि मोठ्या झोकात कात्री चालवली. बावीस बाह्या निघाल्या, बावीसच्या बावीस उजव्या. उलटून लावाव्यात तर कापडाची मागची बाजू फिकी. हिरवं कापड संपलेलं, बाजार बंद, सामना दुसऱ्या दिवशी. शेवटी बेकरीवाल्यांच्या डगल्यांतून उरलेल्या पिवळ्या कापडाच्या डाव्या बाह्या थोरलीनं कापून लावल्या. क्लबचा सेक्रेटरी जर्सी न्यायला आला, तो लालबुंद झाला. थोरली शांतपणे म्हणाली, "डावा हात काळजाकडचा. तो वेगळाच दिसायला हवा." दुसऱ्या दिवशी संघ दोन गोलांनी जिंकला आणि बाही पिवळी ती पिवळीच राहिली.

धाकटी तेव्हा मूग गिळून बसली होती. पुढे पुढे मात्र तिला वाटू लागलं, चूक माझी, म्हणून बाही पिवळी. मी नीट कापलं असतं तर कुठली बाही आणि कुठला मान! ही आयत्या बिळावर नागोबा. पण सांगायचं तर आपला अडाणीपणा चव्हाट्यावर येणार, म्हणून तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालू होता.

यंदा थोरलीचा हात थरथरू लागला. सुईत दोराही जाईना. तेव्हा सेक्रेटरीनं परस्पर ठरवलं की मान आता थोरलीच्या सुनेनं चालवावा. जिला बटण लावता येत नाही, तिनं! धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. चूक तर चूक, सांगून टाकायची, असं ठरवून तिनं चपला घातल्या आणि थेट क्लबचं ऑफिस गाठलं.

सेक्रेटरीनं सगळं ऐकून घेतलं आणि तो हसला. "अहो, हे मला पहिल्या वर्षीच कळलंय. थोरल्या बाईंनी स्वतः सांगितलं होतं. बाह्या त्यांच्याच हातून चुकल्या."

"त्यांच्या नाही. माझ्या हातून."

"हे बघा, क्लबच्या नव्या पुस्तकात छापूनसुद्धा झालंय." त्यानं पान पुढे केलं. त्यात एकाच बाजूच्या कापलेल्या बावीस बाह्या होत्या, बेकरीचे डगले होते, फक्त धाकटी नव्हती. "जावेची चूक अंगावर घेताय. मन मोठं आहे हो तुमचं," सेक्रेटरी म्हणाला.

तोंडात मारल्यासारखी ती बाहेर पडली. मान घेतला ते घेतला, हिनं माझी चूकही सोडली नाही! रस्ताभर ती एवढंच घोकत होती.

दुकानात थोरली एकटीच होती, मशीनला तेल घालत. धाकटीनं पर्स टेबलावर आपटली.

"ताई, माझी चूक तुम्ही स्वतःच्या नावावर का लावली? चांगुलपणा करायला दुसरं काही मिळालं नाही?"

थोरलीनं तेलाची कुपी खाली ठेवली. तिनं चिंधीला हात पुसले.

"चांगुलपणा नव्हे गं. ती चूक माझीच होती."

"मी कापल्या बाह्या!"

"तू कापल्यास. मी समोर बटणांची काजं करत होते. तू थर एकाच बाजूनं घालतेयस हे मला पहिल्याच थराला दिसलं. मी बोलले नाही."

धाकटीला कळेना. "का?"

"तुला येऊन दोन महिने झाले होते. मामंजी येताजाता म्हणायचे, धाकटीच्या हाताला काय सफाई आहे. मी सात वर्षं राबत होते, मला एकदाही तसं म्हटलं नाही. म्हटलं, दिसू दे एकदा सफाई." थोरलीनं मान खाली घातली, मैदानात घालायची तशीच. "मग तुझा चेहरा पाहिला आणि भीती वाटली. पिवळं कापड काढलं. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा मला वर बघवत नाही. यंदाची जर्सी कप्तानाला तू घाल. मी सेक्रेटरीला सांगते."

ज्या मानासाठी चौतीस वर्षं जीव जळला तो असा समोर आला होता, आणि धाकटीचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला राग यायला हवा होता. पण आतून काहीतरी ऊन ऊन वर येत होतं, आणि ते सुख होतं, याची तिला जराही लाज वाटली नाही. थोरली, सगळ्या गावाची थोरली, तिच्यावर जळली होती.

तिनं स्टूल ओढलं आणि जावेच्या अगदी समोर बसली.

"जर्सीचं मागनं बघू," ती म्हणाली. "मामंजी आणखी काय काय म्हणायचे, ते सांगा आधी. आणि तुम्हाला किती लागायचं तेही. सावकाश सांगा, मला घाई नाही."