पायाखालचा पत्रा

आदर्श नगरच्या कोपऱ्यावरचा मिस्त्री कुठल्याही गाडीला आधी "ठीक है" म्हणतो आणि मग ती उघडून बघतो. माझी जुनी व्हॅन त्याच्याकडेच असते. तिच्यात पुढं गणपती बसवलाय, म्हणून आमच्यात कुणी चपला घालून बसत नाही. हे कळल्यापासून ग्रीसनं माखलेला हा माणूसही बूट काढूनच आत चढतो.

व्हॅनला खाली नुसता पत्रा, इंजिन सीटखाली. मे महिन्यात बायको म्हणाली, "तळवे भाजतात. लेकीकडं सांगानेरला मी रिक्षानंच जाईन."

"मला तर काही भाजत नाही," मी म्हटलं. पण दारात गाडी असून बायको रिक्षात, हे मला बघवेना.

मिस्त्रीनं रबराची मॅट टाकली. "हो गया, बाऊजी. एकदम ठंडा."

"तो फिर बैठ. सांगानेर होके आते हैं."

जाताना तो अखंड बोलत होता. येताना गप्प झाला. बघतो तर एक पाय दुसऱ्या पायावर ठेवलेला, थोड्या वेळानं वरचा खाली आणि खालचा वर.

"गरम है क्या?"

"ना, बाऊजी. ठंडा."

दुकानापाशी उतरला आणि थेट पाण्याच्या बादलीत उभा राहिला. "थोड़ा काम बाकी है," एवढंच म्हणाला. मग पत्र्यावर चंदेरी फॉइल चिकटवून वर लोकरीचा जाड नमदा अंथरला.

आता बायको पाय टेकून बसते. त्या दिवशी भाजलं, हे त्यानं अजून कबूल केलेलं नाही. मी तरी कुठं केलंय? शेजारी अनवाणी पायानं गाडी मीच चालवत होतो.