वाढत्या अंगाची मेंढी

देवाने प्राणी एकदा घडवून टाकल्यावर त्यांच्या अंगापिंडात कुणी एवढी ढवळाढवळ केली असेल, तर ती माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी. त्यांनी क्रोशाने विणलेली गाय उंटासारखी दिसायची, किवी पक्षी शहामृगासारखा, आणि ससा कुणीतरी दोन्ही कान धरून वर टांगल्यासारखा. हे सगळे प्राणी तान्ह्या बाळांच्या पांघरुणांवर असत, आणि इथे वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमध्ये आमच्या ओळखीच्या मराठी घरांत जन्मलेलं एकही मूल त्यांच्या प्रेमाच्या तावडीतून सुटलेलं नाही. पांघरूण हातात पडलं की आईबाप आधी प्राणी ओळखायचा प्रयत्न करत, मग लांबी बघत आणि मग एकमेकांकडे बघत. तोंडाने मात्र ‘किती सुंदर!’ एवढंच म्हणत, कारण वीण खरोखरच सुंदर असे. एक टाका इकडचा तिकडे झालेला नसे.

आम्ही सगळ्याजणी त्यांना काकू म्हणायचो. काकू मूळच्या सोलापूरच्या, त्यामुळे पांघरूण या विषयावर त्यांच्याशी वाद घालायची सोय नव्हती. २०११ साली त्या मुलाकडे राहायला आल्या आणि महिन्याभरात आसपासच्या सगळ्या गरोदर बायकांचा ताबा त्यांनी घेतला. कुणाला दिवस गेलेत हे त्यांना त्या बाईच्या नवऱ्याच्या आधी कळायचं. मग त्या डोहाळे विचारायच्या, पण खाण्याचे नव्हे. “कुठला प्राणी डोळ्यांसमोर येतोय ते सांग,” म्हणायच्या. मुंबईच्या एका मुलीने कळवळून सांगितलं, “काकू, मला दिवसरात्र फक्त सुरमई दिसते हो.” काकूंनी उभ्या जन्मात माशाला हात लावलेला नव्हता, तरी त्यांनी मासा विणायला घेतला. चार्टवर तो लांबट होता, काकूंच्या हातात तो वरखाली वाढत गेला. बारशाच्या दिवशी त्या मुलीचा नवरा पांघरूण उलगडून आनंदाने ओरडला, “अरे वा, पापलेट!” काकू त्याच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत.

लोकर त्या ऑप शॉपमधून, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातून, आणायच्या. तिथले जुने स्वेटर घ्यायचे, घरी आणून उसवायचे, धुवायचे आणि गुंडे करायचे. त्यामुळे अंगात स्वेटर असलेला कुठलाही माणूस त्यांना कच्चा माल वाटायचा. एकदा वेलिंग्टनला जाताना ट्रेनमध्ये त्यांनी समोरच्या गोऱ्या आजोबांची बाही चिमटीत धरून पाहिली आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, “लोकर झकास आहे. टाकाल तेव्हा सांगा.” आजोबा म्हणाले, “स्वीट अ‍ॅज!” म्हणजे इथल्या बोलीत नुसतं ‘छान, छान’. काकूंनी याचा अर्थ होकार असा घेतला आणि पुढचे कित्येक दिवस ते आजोबा कुठल्या स्टेशनवर चढतात यावर लक्ष ठेवलं.

काळा रंग मात्र वर्ज्य. तान्ह्या बाळाला काळं फक्त तिटेपुरतं, म्हणून प्रत्येक प्राण्याच्या गालावर एक काळा टाका असायचाच. शेजारचा रग्बीवेडा बाप आपल्या बाळासाठी इथल्या रग्बी संघाच्या जर्सीसारखं अख्खं काळं पांघरूण मागत आला, तेव्हा काकूंनी साफ नकार दिला. तो इतका हिरमुसला, की अखेर तडजोड झाली. पांघरूण मिळेल, पण संक्रांतीला, बोरन्हाणाच्या निमित्ताने. त्या बिचाऱ्याने जानेवारीपर्यंत वाट पाहिली आणि मग पोराच्या डोक्यावर चुरमुरे, बोरांऐवजी ब्लूबेरी आणि लॉलीज ओतून घेतल्या.

आता प्राणी एवढे उंच का व्हायचे, ते सांगायला हवं. सांगायला मला जड जातं, कारण दोष माझा आहे.

काकू सोलापुरात क्रोशाकाम शिकल्या त्या मराठीत. टाक्यांना आपल्याकडे खांब म्हणतात. मुका खांब सगळ्यांत ठेंगणा, मग नुसता खांब, आणि दुहेरी खांब चांगलाच उंच. इथे ऑप शॉपमध्ये त्यांना प्राण्यांच्या चार्टचं एक जुनं पुस्तक मिळालं. त्याचं कव्हर आणि फोटोंची पानं गेलेली, नुसते चौकटींचे तक्ते उरलेले. एका चौकटीला एक टाका, पण कुठला टाका ते इंग्रजीत लिहिलेलं. काकू पुस्तक घेऊन माझ्याकडे आल्या. मला तेव्हा नववा महिना होता आणि उभं राहवत नव्हतं. “हे डबल क्रोशे म्हणजे काय गं?” त्यांनी विचारलं. क्रोशातलं मला ओ की ठो कळत नाही, पण इंग्रजी येतं ना! “डबल म्हणजे दुहेरी, काकू,” मी झोकात सांगितलं. काकूंच्या कपाळाला आठी पडली. “दुहेरी खांब? लहान मुलाच्या पांघरुणाला?” मग खिडकीबाहेरचं वारं बघून त्याच म्हणाल्या, “असेल बाई. थंडी फार आहे इथं.”

पहिलं पांघरूण माझ्या लेकीचं, इराचं. अडीच फूट रुंद आणि सात फूट लांब. त्यावर एक मेंढी, तिचे पाय बांबूसारखे. मी लांबीकडे बघतेय हे पाहून काकू म्हणाल्या, “वाढत्या अंगाचं केलंय.” मला ते पटलंही. झबल्यापासून शाळेच्या गणवेशापर्यंत आपलं सगळं वाढत्या अंगाचंच शिवलेलं असतं. पुढे एकीला जुळे झाले तेव्हा काकूंनी जिराफ काढला. तो कंबरेपर्यंत आला तोवरच पांघरूण दाराबाहेर जायला निघालं. काकू डगमगल्या नाहीत. त्यांनी एका बाळाला पाय आणि पोट दिलं, दुसऱ्याला मान आणि डोकं.

अशी सहा वर्षं गेली. वाचनालयात दर मंगळवारी विणकाम करणाऱ्या बायका जमायच्या, त्यांत काकू कधीच्या मुरल्या होत्या. गटाची प्रमुख हेदर नावाची सत्तरीची बाई. काकू मराठीत बोलायच्या, हेदर इंग्रजीत, आणि दोघींचं कधी अडल्याचं मी पाहिलं नाही. वाचनालयात हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात काकूंनी पांघरूण ठेवावं असा हेदरचा आग्रह. काकूंना आनंदाने काही सुचेना. देशात त्यांना सगळं गाव ओळखायचं, इथे आल्यापासून त्या फक्त कुणाच्या तरी आई आणि कुणाच्या तरी आजी होत्या. आता स्वतःच्या नावाची चिठ्ठी लागणार होती. फॉर्म भरायला मी गेले, तेव्हा हेदरने मला बाजूला घेतलं. तिच्याकडे तेच पुस्तक होतं, फोटोंसकट. फोटोत होतं चौकोनी पांघरूण आणि त्यावर एक गोल गुबगुबीत मेंढी. “डिअर, या पुस्तकात डबल म्हणजे द शॉर्ट वन,” ती हळूच म्हणाली. “हू टोल्ड हर?” मी छताकडे पाहिलं.

परीक्षकाने चारचौघांत सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं, म्हणून त्याच संध्याकाळी काकूंकडे गेले. “काकू, इथे डबल म्हणजे दुहेरी नाही. मुका खांब.” त्यांनी सुई खाली ठेवली. “म्हणजे माझी मेंढी...” “ठेंगणी होती, काकू. चूक माझी.” त्या उठून आत गेल्या. पुढचे दोन दिवस काकू स्वतःच मुका खांब झाल्या. मैत्रिणीचा फोन आला, “आईंनी सुईला हात लावला नाहीये. नक्की काय बोललीस तू?”

तिसऱ्या दिवशी काकू मोठी पिशवी घेऊन बाहेर पडल्या. दिलेलं प्रत्येक पांघरूण परत आणायचं, उसवायचं आणि नीट विणून द्यायचं. “लोक सहा वर्षं मनात हसत असतील. सोलापूरची बाई, आणि मेंढीला शिडी लावली! चुकलेलं काम माझ्या नावाने लोकांच्या घरात नको,” म्हणाल्या. गाडी मी चालवत होते, नाही म्हणायला तोंड कुठे होतं? पण सुरमईवाल्या मुलीने “पापलेट मिळणार नाही” म्हणून दारातूनच परत पाठवलं. रग्बीवाल्याचं पांघरूण भिंतीवर चढलं होतं. जुळ्यांच्या आईने हात जोडले, “काकू, शेजारी शेजारी झोपली तरच जिराफ पुरा होतो. म्हणून तरी झोपतात हो ती!” रिकामी पिशवी घेऊन आम्ही शेवटी आमच्या घरी आलो.

इरा सोफ्यावर मेंढी पांघरूनच पडली होती. आजी पांघरूण न्यायला आल्यात असं मी सांगताच तिने ते हनुवटीपर्यंत ओढलं. “नो, आजी! आय’म ओन्ली अप टू हर टमी. आय हॅवन्ट ग्रोन द लेग्ज येट!” काकूंनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी प्रत्येक शब्द तोलून भाषांतर केलं, “म्हणते, मी अजून मेंढीच्या पोटापर्यंतच पोचलेय. पायांएवढं वाढायचं राहिलंय.”

काकू सोफ्याच्या काठावर बसल्या. पांघरुणावरून त्यांनी इराची पावलं चाचपली, मेंढीचे उरलेले पाय वितीने मोजले. “मग वाढत्या अंगाचंच झालं की गं,” त्या म्हणाल्या आणि डोळे पुसून त्यांनी पिशवीची घडी घातली.

प्रदर्शनात इराचंच पांघरूण गेलं. बक्षीस मिळालं नाही, टाका पुस्तकाप्रमाणे नाही असा शेरा मिळाला. पण आलेलं प्रत्येक पोर त्याखाली आडवं होऊन आपण मेंढीच्या कुठपर्यंत पोचतो ते बघून गेलं, आणि काकू आपल्या नावाच्या चिठ्ठीशेजारी खुर्ची टाकून दिवसभर बसल्या. नंतर जन्मलेल्या एका बाळाला त्यांनी अगदी पुस्तकातल्यासारखी, मुक्या खांबांची मेंढी दिली. त्याची आई चाचरत म्हणाली, “काकू, आमचीच का हो आखूड?” तेव्हापासून काकू परत दुहेरीवर आल्या.

गेल्या वर्षी त्या धाकट्या मुलाकडे सोलापूरला गेल्या, त्या तिकडेच राहिल्या. बोटं आखडलीत, सुई धरवत नाही. मला त्यांची फार आठवण येते, आणि कुणाला दिवस गेल्याचं कळलं की जास्तच येते. परवा इराला आठ वर्षं पूर्ण झाली. व्हिडिओ कॉलवर काकूंनी तिला आधी पांघरुणाखाली झोपायला लावलं आणि मग मला विचारलं, “कुठवर आली?”

“पोट संपलं, काकू. पाय लागले.”

फोनच्या पडद्यावर त्यांनी आपली वाकडी बोटं पसरून वीत धरली, जणू तिथूनच मोजत होत्या. “म्हणजे पाय सगळेच बाकी आहेत,” त्या म्हणाल्या. “सावकाश येऊ दे म्हणावं. मला घाई नाही.”