शेजारचा रकाना

रक्तपेढीच्या संगणक विभागात तिला सगळे नाकमुरडी म्हणत. नाव सासूबाईंनी ठेवलेलं; नवऱ्याने ते डब्याबरोबर ऑफिसात पोचवलं. बाहेरून लख्ख आणि आत चहाचा थर बसलेला कप पाहिला की तिला मळमळायचं. डेटाबेसमधली नोंदींची टेबलंही लोक अशीच वरवर धुतात, अशी तिची पक्की खात्री होती. म्हणून महिन्यातून एकदा ती डेटाबेसलाच क्वेरी टाकून विचारी: कुठल्या टेबलावर कोणती बंधनं आहेत आणि ती चालू आहेत का?

या खेपेला एका ओळीपुढे 'बंद' आलं. चाचणी न झालेली रक्ताची पिशवी साठ्याच्या टेबलात शिरू नये, हे ते बंधन. तीन आठवड्यांपूर्वी जुन्या नोंदी भराभर चढवायला विभागाच्या साहेबांनी ते काढलं आणि लावायचं विसरले. दरम्यान चाचणीचा पत्ता नसलेल्या एक्केचाळीस पिशव्या आत शिरल्या होत्या. त्या आजही कुणाच्याही अंगात जाऊ शकत होत्या. तिला शिसारी आली.

साहेबांनी दोन मिनिटांत बंधन लावलं. "झालं. अकराला सरकारी तपासणीवाले येतायत, बंधनांची यादी छापून ठेवा."

तिने पुन्हा क्वेरी टाकली. 'चालू' होतं खरं, पण शेजारच्या रकान्यात होतं, 'जुन्या नोंदी तपासलेल्या नाहीत'.

"साहेब, हे फक्त नव्यांना अडवणार. आतल्या तशाच."

"जुन्या तपासायला गेलं तर बंधन लागतच नाही हो, म्हणून वगळल्या." साहेबांनी कपावर फुंकर मारली. "तो रकाना उडवा. त्यांना पहिला पुरतो."

ही क्वेरी तिला बारा वर्षांपूर्वी याच माणसाने शिकवली होती. त्याच्याकडून काही शिकल्याचीच आता तिला किळस आली. तिने खाली शीतगृहातल्या काकांना फोन लावला, एकेक नंबर वाचला आणि त्या पिशव्या बाजूला काढायला सांगितल्या.

दहा मिनिटांनी काकांचा फोन आला. "मॅडम, अडतीसच सापडल्या. तीन पिशव्या शनिवारीच वॉर्डात गेल्यात."

फोन स्पीकरवर होता; साहेबांनीही ते ऐकलं. मग म्हणाले, "मग आता अडतीसच धरा."

तिने दोन्ही रकान्यांसकट यादी छापली. खाली एक्केचाळीस नंबर लिहिले, वॉर्डात गेलेल्या तिन्हींभोवती लाल गोल काढला. पहिली प्रत तिने धावत वॉर्डात नेऊन दिली आणि दुसरी घेऊन फाटकाशी तपासणीवाल्यांची वाट बघत उभी राहिली.